चळवळ, राहाटी, हेलपाटा

मंगळवार, रात्र

आज दिवसभर ‘चळवळ’ हा शब्द डोक्यात आहे. आपल्या कानाला तो मोर्चा, पत्रकं, सभा यांचाच वाटतो: सत्यशोधक चळवळ, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. पण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला (पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची) की हाच शब्द अजून माणसाच्या अंगात सापडतो. स्वस्थ न बसणं, सारखी हालचाल, चंचलपणा. पोर एका जागी ठरत नाही म्हणून त्याला ‘चळवळ्या’ म्हणतात, ते यातूनच आलं.

त्याही आधी, सतराव्या शतकात, रामदास म्हणून गेले होते, ‘सामर्थ्य आहे चळवळेचे’. तिथे अर्थ उद्योगाचा, खटपटीचा. म्हणजे अंगातली अस्वस्थता, मग माणसाची धडपड, आणि शेवटी हजारो लोकांचं एकत्र उठणं, एवढं सगळं या एका शब्दाने पेललं आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. चंचलपणाला आपण खोड मानत आलो. त्या खोडीच्याच नावाला मराठीने एवढी थोरवी दिली.

‘राहाटणे’ मात्र उलट्या वाटेने गेला. ज्ञानेश्वरीत (1290) मनाचं वर्णन आहे की त्याला ‘राहाटावया’ त्रैलोक्यही थोडं. राहाटणं म्हणजे वावरणं, फिरणं, वागणं. आज हे क्रियापद कुणाच्या तोंडी नाही, पण जनराहाटी आहे, जगाची रहाटी आहे, आणि तळकोकणात गावऱ्हाटी आहे: देवस्थानाचे मान, कुणी काय करायचं याची पिढ्यांनी ठरवलेली घडी. त्रैलोक्यात न मावणाऱ्या हालचालीचं नाव गावाच्या ठरलेल्या रीतीला मिळालं. (पाणी काढायचा रहाट यातला नव्हे. तो संस्कृत अरघट्टावरून आला. कानाला मात्र दोघे भाऊ वाटतात.)

‘भंवणे’ही असाच. भ्रम् धातूतून उतरलेला, गरगर फिरणं, हिंडणं या अर्थाचा. प्रमाण मराठीत त्याची भावंडं तेवढी उरली, भोवरा आणि भोवळ. पण गोव्यात कोंकणीत ‘भोंवप’ म्हणजे फिरणं आणि ‘भोंवडी’ म्हणजे फेरफटका, हे रोजच्या बोलण्यात आहे. म्हणून दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाबद्दल (1932 ते 1938, सात विभाग) मनात कृतज्ञता वाटते. शब्दापुढे कंसात कोंकणी, गोमंतकी, वऱ्हाडी अशा खुणा करून त्यांनी बोलींना कोशात मानाने बसवलं. त्या खुणा नसत्या तर कितीतरी शब्दांचं गाव आपल्याला कळलंच नसतं.

हालचालीच्या या शब्दांत बारकावे किती आहेत! चुळबूळ बसल्या जागी होते. तळमळ आडवी पडल्यावर जास्त, आणि तुकोबांनी तर ती पाण्याबाहेरच्या मासोळीला दिली. वळवळीत किडा दिसतोच. लुडबूड स्वतःपुरती राहत नाही, तिला दुसऱ्याचं काम लागतं. हुंदडण्यात मजा आहे, उंडारण्यात बघणाऱ्याचा राग आहे. वणवण मात्र ऐकवत नाही. तिच्यात पाणी, काम, निवारा यांतलं काहीतरी नसतंच. आणि येरझारा उभ्याने, त्याच त्या वाटेवर. दवाखान्याच्या व्हरांड्यात घालतात त्याच. संतांनी जन्ममरणाच्या फेऱ्यालाही येरझार म्हटलं, आणि ती चुकावी म्हणून देवाला साकडं घातलं.

हेलपाटा लिहिताना हात थांबला. हेल म्हणजे डोक्या-पाठीवरच्या ओझ्याची खेप, ती वाहणारा तो हेलकरी. आज ‘हेलपाटा पडला’ म्हणतो तेव्हा हात रिकामे असतात, पण त्या शब्दात कुणाच्या तरी पाठीवरचं ओझं अजून आहे. त्याच्याजवळचा ‘खेटा’. कचेरीत खेटे घालून माणूस मेटाकुटीला येतो. माघातल्या रविवारी कोल्हापूरची माणसं जोतिबाला पायी जातात, त्यालाही खेटेच म्हणतात, आणि तिथे पुन्हापुन्हा जाणं हीच सेवा.

उद्या ‘घालमेल’ घेते. ती दोन वेगळ्या पानांवर लिहावी लागेल: एक हिशेबातली, एक मनातली.