पेटी आजची, पेला पुढच्या दशकातला

फ्रान्सच्या बोर्दो भागातली चांगली लाल वाइन साठवायला घेणाऱ्याला आधी स्वतःचं वय मोजावं लागतं. तिथल्या पॉयाक गावातल्या एखाद्या नामांकित शातोची, म्हणजे स्वतःचा मळा असलेल्या वाइन घराण्याची, २०१६ सालची बाटली आज विकत घेतली, तर जाणकार म्हणतात, अजून दहाएक वर्षं हात लावू नका. म्हणजे पैसे आजच्या माणसाने मोजायचे आणि प्यायची ती साठीकडे झुकलेल्या कुणीतरी. त्याला तेव्हा काय आवडेल, डॉक्टर त्याला किती पेले मंजूर करतील, काही सांगता येत नाही. तरी मी या नादाला लागलोच.

या नादात शिरणारा प्रत्येकजण आधी १८५५ची यादी पाठ करतो. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला भरवलेल्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी ती केली. चव वगैरे घेत बसले नाहीत. कुणाच्या वाइनला बाजारात किती भाव मिळतो ते पाहिलं आणि शातोंना पाच श्रेणींत बसवलं. तेव्हापासून ती यादी जवळपास जशीच्या तशी आहे. १९७३मध्ये शातो मूतों रोथशिल्डला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत बढती मिळाली, तीच काय ती मोठी उलथापालथ. दलालांचा भाव इतका टिकाऊ ठरावा, याची मला गंमतही वाटते आणि थोडी शंकाही येते.

फ्रान्सच्याच बर्गंडी भागात गेलात की ही शिस्तही हातातून सुटते. तिथे मान शातोला नाही, जमिनीच्या तुकड्याला. क्लो द वूजोचा मळा साधारण पन्नास हेक्टरांचा, भोवती दगडी भिंत, मध्ययुगात तो सिस्टर्शियन साधूंनी उभा केला. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची जमीन गेली, पुढे विक्री झाली, वाटण्या झाल्या, आणि आज तिथे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलतभावांची नावं वाढत जातात, तशातलाच प्रकार. त्यात वरच्या उतारावरची जमीन निचऱ्याची, खाली रस्त्याकडची जड आणि ओलसर. लेबलवर मात्र दोघांचंही नाव क्लो द वूजो, दर्जाही ग्रां क्रूचाच, म्हणजे सगळ्यात वरचा. त्यामुळे तिथे मळ्याच्या नावाआधी वाइन करणाऱ्याचं नाव वाचायचं. नवशिक्याने बर्गंडी थोडी उशिराच सुरू करावी, असं माझं मत आहे. तिथलं लाल वाइनचं द्राक्ष, पिनो न्वार, नाजूक आणि चुका महागड्या.

बोर्दोत २००५, २००९, २०१०, २०१६ ही द्राक्षांच्या पिकाची गाजलेली सालं. सगळे त्यांच्याच मागे. मला वाटतं, नव्याने साठवणाऱ्याने उलटं करावं: मोठ्या घराण्याचं मध्यम साल घ्यावं. उदाहरणार्थ २०१४. किंमत आवाक्याच्या जरा जवळ, आणि वाइन लवकर उलगडते. मुरलेल्या वाइनची चव मुळात आपल्याला रुचते की नाही, हे कळायला वीस वर्षं कशाला थांबायचं? ताज्या फळाच्या जागी चामडं, तंबाखू, देवदाराचं लाकूड, पावसाळी रानातली माती असे वास आलेले अनेकांना आवडतच नाहीत. त्यात कमीपणा काही नाही. त्यांनी वाइन तरुणपणीच प्यावी आणि तळघराचा खर्च वाचवावा.

मुरताना आत घडतं ते असं: द्राक्षांच्या साली-बियांतून आलेली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडली जातात, जड होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरीकडे सरकतो, जिभेवरचा तुरटपणा मऊ होतो. म्हणूनच जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवतात आणि गाळ मागे राहील अशी सावकाश ओततात. पण याला बारा-तेरा अंश तापमान लागतं, तेही वर्षभर एकसारखं, शिवाय अंधार आणि बूच कोरडं पडू नये इतपत दमट हवा. पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये फडताळात ठेवलेली बोर्दो मुरत नाही, शिजते. आपल्याकडे वाइनचा फ्रिज घ्यावा लागतो, आणि वीज गेली की जिवाची घालमेल होते ती वेगळीच.

थांबण्याचं हे ओझं खुद्द शातोंनाही जाणवलं असावं. बोर्दोत वाइन पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंतात विकायची रीत आहे. बाटल्या हाती येतात दोनेक वर्षांनी. शातो लातूरने (आपल्या लातूरशी संबंध नाही, तिथे डाळीचा बाजार, इथे द्राक्षांचा) २०१२मध्ये जाहीर केलं की यापुढे आम्ही असं विकणार नाही, वाइन आमच्याच तळघरात ठेवू आणि तयार झाली असं वाटलं की बाहेर काढू. व्यापारी कुरकुरले. मला निर्णय पटला, त्यांचा भाव परवडत नसला तरी.

घ्यायचीच तर एकाच वाइनच्या सहा तरी घ्याव्यात, सहा निरनिराळ्या नकोत. पहिली मुद्दाम लवकर उघडायची, दुसरी तीन-चार वर्षांनी. मधल्या काळात ती घुम्यासारखी बसेल, फळही नाही आणि मुरलेपणही नाही. तेव्हा उरलेल्या विकून टाकाव्यात असं वाटेल. विकू नयेत. शेवटच्या दोन बाटल्या कधी उघडायच्या यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, आणि थांबा म्हणणारा पक्ष सध्या अल्पमतात आहे.