तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थ एकच, तर इंग्रजीत शब्द दोन कशाला?

गोव्यात डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी एक प्रश्न अजून माझ्याकडे येतच असतो. देवळात भेटलेले पालक तो विचारतात, नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी फोन करून विचारतात. "टीचर, दोन्ही शब्दांचा मराठीत अर्थ एकच होतो, मग इंग्रजीत दोन शब्द कशाला? आणि कुठला कुठे घालायचा, हे ओळखायचे कसे?"

हा प्रश्न आपल्याकडे इतका का विचारला जातो, याचे कारण मला वर्गातच दिसले. मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुले पाचवीत बहुतेक विषय इंग्रजीतून शिकू लागतात आणि वहीला मध्ये उभी रेघ मारून डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे मराठी अर्थ लिहितात. ही वही उपयोगाची असते, पण तिच्यात शब्द एकटा उभा असतो. शब्दाचा नेमका अर्थ मात्र पुष्कळदा त्याच्या शेजारी कोण बसले आहे, त्यावरून ठरतो.

आपल्याच भाषेत पाहा. घर आणि गृह यांचा अर्थ एकच. तरीही आपण पंचायतीत घरपट्टी भरतो, बँकेत गृहकर्ज मागतो, भाडेकरूकडून घरभाडे घेतो आणि नव्या घरात जाताना गृहप्रवेश करतो. 'घरप्रवेश' कोणी म्हटले तर अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. हा नियम आपल्याला कोणी शिकवलेला नाही. शब्द ज्यांच्या सोबत ऐकले, त्यांच्या सोबतच ते आपल्या मनात राहिले. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आणि बोलता बोलता झिजून घडलेला शब्द अशा दोन थरांवर मराठी उभी आहे, आणि इंग्रजीचेही तसेच झाले आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची, न्यायालयाची भाषा पुढे काही शतके फ्रेंच राहिली. विद्येची आणि चर्चची भाषा लॅटिन होती. त्यामुळे 'राजाचा, राजाला शोभेल असा' या एका अर्थासाठी इंग्रजीत किंगली, रॉयल आणि रीगल असे तीन शब्द जमले. पहिला मूळचा, दुसरा फ्रेंचमधून आलेला, तिसरा लॅटिनच्या वळणाचा. राजघराण्याला मात्र रॉयल फॅमिलीच म्हणतात. तिथे किंगली बसत नाही.

पण सगळ्या जोड्या अशा बाहेरून आलेल्या नाहीत. आठवीच्या एका मुलीने निबंधात लिहिले होते की दुपारी आम्ही आंब्याच्या 'शॅडो'त बसून जेवलो. मी तो शब्द खोडून 'शेड' लिहिले. तिने वही पुढे केली आणि विचारले, "टीचर, दोन्हीचा अर्थ सावलीच ना?" इंग्रजीत तसे म्हणतात, एवढेच उत्तर मी तेव्हा दिले. ते उत्तर अपुरे होते, हे मला त्याच वेळी जाणवले आणि ते बरीच वर्षे मनात राहिले. पुढे वाचताना कळले की जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता. वाक्यातील स्थानाप्रमाणे त्याची रूपे बदलत, जसे आपल्याकडे 'घोडा'चे 'घोड्या' होते, आणि त्या बदलत्या रूपांमधूनच पुढे शेड आणि शॅडो असे दोन वेगळे शब्द झाले. दोन शब्द हाताशी आल्यावर इंग्रजीने त्यांच्यात काम वाटून दिले. ऊन लागत नाही ती जागा, तो आडोसा, म्हणजे शेड. तिला आकार नसतो आणि या अर्थाने ती एक, दोन अशी मोजताही येत नाही. शॅडो म्हणजे उजेड अडवणाऱ्या वस्तूची जमिनीवर किंवा भिंतीवर पडलेली आकृती. तिला कडा असते, ती मोजता येते आणि ती कोणाची तरी असते. मराठीत हे काम एकटी 'सावली' करते आणि भेद क्रियापदावर सोपवते. आपण सावलीत बसतो ती शेड, आपली सावली पडते ती शॅडो. आकृतीवर विशेष भर द्यायचा असेल तर आपल्याकडे पडछाया आहेच. आज ती मुलगी समोर असती, तर मी तिला आंब्याखालीच घेऊन गेले असते.

कंटिन्युअस आणि कंटिन्युअल ही जोडी गोव्यातल्या माणसाला पावसावरून लगेच समजते. आषाढातली संततधार कंटिन्युअस, आणि दिवसभर येऊन जाणाऱ्या, मध्ये ऊन दाखवणाऱ्या सरी कंटिन्युअल. आजचे इंग्रजी लेखक हा भेद नेहमी पाळतात असे नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत मी त्यासाठी गुण कापत नसे.

हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल यांच्या बाबतीत मात्र मी आग्रही होते. इतिहासाला वळण देणारे ते हिस्टॉरिक. इतिहासाशी संबंधित ते हिस्टॉरिकल, मग ते महत्त्वाचे असो वा नसो. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर 16 जानेवारी 1967 रोजी झालेला जनमत कौल हिस्टॉरिक होता. त्या वर्षीची एखाद्या दुकानाची उधारीची वही हिस्टॉरिकल आहे.

एखाद्या शब्दाने माणसाचे नुकसान कसे होऊ शकते, हे मला शेजारच्या एका काकांच्या अर्जामुळे कळले. ते मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे. घराच्या जागेची मोजणी नीट झाली नाही, अशी त्यांची तक्रार होती. मोजणीला आलेल्या माणसाने लक्षच दिले नाही, हे सांगण्यासाठी अर्ज लिहून देणाऱ्याने 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द घातला होता. जपून लिहिणाऱ्यांच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ गुंतलेला नाही असा, म्हणजे निःपक्ष. लक्ष नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. 17व्या शतकात हे दोन शब्द जवळपास उलट अर्थांनी वापरले जात आणि आजही पुष्कळ लोक डिसइंटरेस्टेड हा शब्द अनास्थेसाठी वापरतात, त्यामुळे अर्ज लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. पण वाचणारा अधिकारी पहिला अर्थ घेणारा निघाला असता, तर काकांच्या तक्रारीतच त्या माणसाला निःपक्षपातीपणाचे प्रशस्तिपत्र मिळाले असते. काकांना मी दोन्ही अर्थ मराठीत समजावून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ह्यातला एकही नको. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि मागची बाजू न बघताच गेला, असे लिही." मी तो शब्द खोडला आणि त्यांचे वाक्य साध्या इंग्रजीत लिहून दिले.