पेपरात येऊ दे, मग बघू

मे महिना म्हणजे आमच्या सोलापुरात युनिफॉर्मचा सीझन. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे, म्हणून कारखान्यात रात्रपाळी. 2005 साली त्या रात्रीही मशिनी चालू होत्या आणि मी कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर माझ्या लिव्हरपूलची इस्तंबूलची फायनल, फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची, लावून बसलो होतो. पहिल्याच मिनिटाला माल्दिनी, मग क्रेस्पोचे दोन. हाफटाइमला मिलान तीन, लिव्हरपूल शून्य. कटिंग मास्टरांनी कात्री खाली ठेवली, "झोप बे आता, संपलं तुझं," म्हणाले आणि सायकल काढून अशोक चौकाकडे गेले.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो. सहा मिनिटांत तिन्ही गोल फेडले. पेनल्टीत डुडेकनं शेवचेन्कोला अडवलं तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजले असतील. सकाळी मास्टर आले तेव्हा मी "जिंकलो" सांगायला दारातच उभा.

"गप बे. झोपेत बघितलास काय?"

मी पेपर उघडला. तो रात्रीच छापून झालेला, त्यात निकाल नव्हताच!

"पेपरात येऊ दे, मग बघू."

अख्खा दिवस कारखान्यातल्या बारा माणसांत ती बातमी एकट्या माझ्याकडे होती, आणि कोणी घ्यायला तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. मास्टरांनी काही न बोलता चहा मागवला.

आता बातमी कोणाकडे नेण्याची सोयच उरली नाही. 2022 ची वर्ल्डकप फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स, मी मोबाइलवर बघत होतो. प्रक्षेपण अर्धा मिनिट तरी मागे. फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी आत गेली, मी डोक्याला हात लावतोय तोवर ग्रुपवर "2-2". एम्बापेच्या त्या दोन गोलांत 97 सेकंदांचं अंतर होतं, त्यातले तीसेक माझे गेलेच. शेवटी माझ्या मोबाइलवर अर्जेंटिनाचा मॉन्तिएल जिंकून देणाऱ्या पेनल्टीसाठी अजून चेंडू ठेवत होता आणि ग्रुपवर पेढे वाटून झाले होते.

त्यानंतर मेस्सी की रोनाल्डो, ते तर रोजचंच. पुतण्या म्हणतो, "काका, मॅच कोण बघतंय? क्लिप बघायची." वीस सेकंदांचा गोल, वर ढणढण गाणं. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय देणाऱ्या पंचांच्या, रेषांचा स्क्रीनशॉट टाकून पोरं एकमेकांची आई-बहीण काढतात. भांडण लंडन-मँचेस्टरचं, भांडणारे दोघंही बाळीवेशीतले, संध्याकाळी एकाच क्लासला जाणारे.

27 एप्रिल 2025, रविवार. फोन बंद करून कपाटात टाकला आणि टीव्हीवर मॅच बघितली. सोमवारी कारखाना उघडायच्या आधी मास्टरांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे अजून बटणाचा फोन. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून पेपरही दुपारी नातू वाचून दाखवतो.

"मास्टर, काल लीग जिंकलो."

"कोण जिंकलो?"

"लिव्हरपूल. टॉटनहॅमला पाच-एक."

"गप बे." पण बाजेवर जरा सरकून त्यांनी जागा केली. "पहिल्यापासून सांग."

"पहिला गोल आपल्यावरच झाला, मास्टर. बाराव्या मिनिटाला…"