आवळ्याची बी फुटली

१८ जानेवारी, रविवार

दुपारी गच्चीवरून टक् असा आवाज आला. परवा आईने सुपारीसाठी आवळे किसले, तेव्हा उरलेल्या बिया मी ताटलीत उन्हाला ठेवल्या होत्या. त्यातली एक तडकली. टणक कवचाच्या तीन फाका, प्रत्येकीत दोन-दोन तपकिरी, तिकोनी बिया. जेमतेम मुगाएवढ्या. म्हणजे आपण बी म्हणून टाकतो ती नुसती पेटी!

हा उद्योग कशासाठी, तर एक नियम डोक्यात बसलाय. कॉर्नर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलं की फांदी जितकी जाड, तितकी तिच्यावरची पानं-फळं मोठी. त्यामुळे बारीक पानांच्या, काडीसारख्या फांद्यांच्या झाडाला भलीमोठी बी सहसा पेलत नाही. मी लगेच आवळ्यावर बोट ठेवलं होतं. पान इवलंसं, फळ एवढं! पण फळ मोठं असलं तरी बी बारीकच निघाली. हरले.

चिंचेनेही तसंच फसवलं. चिंचोका चांगला मोठा, पान मात्र नखाएवढं? तर ते पान नव्हेच, पर्णिका. अख्खी पिसासारखी काडी म्हणजे एक पान. कळी त्या काडीच्या बेचक्यात येते, पर्णिकेच्या नाही. आवळ्याची काडी दिसते अगदी तशीच, पण तिथे फुलं प्रत्येक चिमुकल्या पानाच्या बेचक्यात येतात, म्हणून ती खरी पानं. हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग वडाचं काय गं? पान तळहाताएवढं, बी राईहून बारीक."

बरोबर आहे. नियम एकाच बाजूने चालतो. मोठ्या पानाच्या झाडाला बी कशीही चालते. फणस आणि वड दोघेही तुतीच्या कुळातले, पानंही साधारण सारखीच. पण फणसाचं रोप सावलीत रुजतं, त्याला आठळीतली शिदोरी लागते. वडाला पाखराच्या विष्ठेतून कुठल्यातरी फटीत पडायचं असतं, तिथे संख्याच कामाला येते.

आमच्या कठड्याच्या भेगेत आलाय एक. पानं अजून चिंचोक्याएवढीच आहेत. भिंत फोडायच्या आत काढायला हवा. आज नाही काढला.