प्रोजेक्टच्या फॉर्ममधला 'उपकरणे' रकाना: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टला विषय घेतला होता दोन फटींच्या प्रयोगातल्या इलेक्ट्रॉनच्या फेजचा. या प्रयोगात इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींतून लाटेसारखे जातात आणि पलीकडच्या पडद्यावर उजळ-काळ्या पट्ट्या उमटतात. फेज म्हणजे लाट चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. एका फटीकडून येणाऱ्या लाटेची फेज बदलली, तर पडद्यावरच्या पट्ट्यांचं काय होतं? सरांना विषय आवडला. पुढे प्रोग्रॅम, आलेख, तोंडी परीक्षा, सगळं झालं. अडलो ते फॉर्मवर, आणि तो राग अजून जात नाही.

फॉर्ममध्ये रकाना होता, 'उपकरणे व अंदाजे किंमत'. मी कोरा ठेवला. खिडकीवरून उत्तर आलं, "भाऊ, रकाना कोरा चालत नाही." दुसऱ्यांदा 'संगणक' लिहिलं. "विषयात प्रयोग लिहिला ना? मंग प्रयोगाचं सामान लिहा." आर्णीकडच्या आमच्या गावाहून यवतमाळला यायचं म्हणजे सकाळची एसटी. त्यात कापूस वेचणीचे दिवस, घरी माणूस कमी. प्रत्येक फेरीला घरचा एक दिवस बुडत होता.

तिसऱ्यांदा मी खिडकीत उभं राहून समजावलं. ५० हजार व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००५४ नॅनोमीटर, म्हणजे लाल लेसरच्या तुलनेत लाखाहून जास्त पटीने लहान. म्हणून साध्या फटी चालत नाहीत. योन्सनने १९६१ मध्ये जर्मनीत तांब्याच्या पातळ पत्र्यात खास फटी करून हा प्रयोग केला. १९८९ मध्ये जपानमध्ये तोनोमुरांच्या गटाने तर फटीच न वापरता इलेक्ट्रॉन बायप्रिझम वापरला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या लाटेला दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणारी विद्युतभारित बारीक तार. एकेक इलेक्ट्रॉन ठिपका होऊन पडत गेला आणि हजारो ठिपक्यांतून पट्ट्या उमटल्या. ते सामान आपल्या प्रयोगशाळेत कुठून येणार? फॉर्म तरीही परत आला.

शेवटी प्रयोगशाळेतल्या परिचर काकांनी सांगितलं, "रकान्यात लिव्ह, 'सैद्धांतिक प्रकल्प, उपकरणे लागू नाहीत', अन् सरांची सही त्याच रकान्यात घे, खाली नाही." पाच मिनिटांत फॉर्म जमा. दीड महिना याच एका ओळीसाठी गेला होता! तुमचा विषय असाच असेल, तर पहिल्याच दिवशी ही ओळ लिहा.

आता विषयाचं. दोन्ही वाटांची, म्हणजे दोन फटींतून येणाऱ्या लाटांची, फेज सारखीच वाढवली, तर पडद्यावर काहीही बदलत नाही. फरक पडतो तो दोन वाटांमधल्या फेजच्या अंतराने. ते π (पाय), म्हणजे अर्ध्या लाटेएवढं झालं की मधली उजळ पट्टी काळी होते. २π, म्हणजे पूर्ण लाटेएवढं झालं की चित्र पुन्हा जसंच्या तसं. आणि यात पट्ट्याच सरकतात. त्यांच्यावरचा उजेडाचा घुमट, जो एकेका फटीच्या रुंदीने ठरतो, तो जागचा हलत नाही. माझ्या पहिल्या आलेखात घुमटही सरकला होता. तुमचाही सरकला, तर फेज फटीच्या रुंदीभर तिरकी चढवली आहे का, ते आधी तपासा.

तोंडी परीक्षेत मला कोलेला, ओव्हरहाउसर आणि वर्नर यांचा १९७५ चा न्यूट्रॉनचा प्रयोग विचारला. त्यात एक वाट दुसरीपेक्षा थोडी उंच नेली, तर केवळ गुरुत्वाकर्षणामुळे फेज बदलते. तो जरूर वाचून जा.

आणि हो, फॉर्म देताना झेरॉक्सवर आवक क्रमांक व तारीख घालून घ्या. मी घेतली नव्हती, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांचा पुरावा माझ्याकडे नाही.