मेटास्प्लॉइट वापरणं म्हणजे चीटिंग नाहीये

पेंटेस्टिंगवाल्यांमधला, म्हणजे परवानगी घेऊन क्लायंटच्या सिस्टीम फोडून बघणाऱ्यांमधला, एक वाद काही संपत नाही: मेटास्प्लॉइटसारखं तयार हल्ल्यांचं फ्रेमवर्क वापरावं का. एक गट म्हणतो फ्रेमवर्क वापरणारा खरा टेस्टरच नाही, सगळं हाताने जमलं पाहिजे, आणि दुसरा म्हणतो क्लायंट मोजके दिवस देतो त्यात प्रत्येक एक्स्प्लॉइट (त्रुटीचा फायदा घेणारा कोड) नव्याने कोण लिहीत बसणार. ओएससीपी या पेंटेस्टिंगच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेत मेटास्प्लॉइट एकाच मशीनवर वापरायला मिळतं त्यामुळे पहिल्या गटाला अजूनच जोर येतो, पण ती परीक्षेची अट आहे, कामाची नाही.

माझं म्हणणं एवढंच की खुशाल वापरा, पण मॉड्यूल, म्हणजे त्यातला एकेक तयार तुकडा, वाचून वापरा. एच. डी. मूर यांनी 2003 मध्ये हे पर्लमध्ये सुरू केलं, नंतर सगळं रूबीत लिहिलं गेलं, 2009 मध्ये रॅपिड7 या सिक्युरिटी कंपनीने विकत घेतलं तरी फ्रेमवर्क ओपन सोर्सच राहिलं आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कोड समोर आहे, मग उघडून बघायला काय हरकत आहे?

विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या त्रुटीवरचा इटर्नलब्लू हा एक्स्प्लॉइटच घ्या. एमएस17-010 (त्या त्रुटीसाठीचा मायक्रोसॉफ्टचा बुलेटिन नंबर) चं स्कॅनर मॉड्यूल फक्त आयपीसी या विंडोजच्या अंतर्गत शेअरला जोडून एक एसएमबी (फाइल-शेअरिंगचा प्रोटोकॉल) रिक्वेस्ट पाठवतं आणि कुठला एरर परत आला त्यावरून पॅच मारलाय का ते सांगतं, बस. एक्स्प्लॉइट मॉड्यूल मात्र थेट कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, मेमरीत हात घालतं, गणित बिघडलं की ब्लू स्क्रीन, मशीन बंद. मेटास्प्लॉइटमध्ये त्याची भरवशाची रँक 'ॲव्हरेज' आहे, 'एक्सलंट' रँक सर्व्हिस क्रॅश न करणाऱ्या मॉड्यूललाच मिळते, आणि हे सगळं 'इन्फो' टाईप केलं की दिसतं. चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर रन मारण्याआधी एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात हो! स्कॅनरने व्हल्नरेबल दाखवलं तर आधी क्लायंटला फोन करा, पुढे जायचं का ते त्याला ठरवू द्या.

पीटीईएस, ओवास्पची टेस्टिंग गाईड वगैरे टेस्टिंगच्या लिहून ठेवलेल्या पद्धती वेगळ्या, त्या काय तपासायचं ते सांगतात, त्यावर कुणाचं फारसं भांडण नाही.

कोबाल्ट स्ट्राइक या, घुसल्यावर मशीनवर ताबा ठेवणाऱ्या विकतच्या टूलबद्दल मात्र हल्ली सर्रास ऐकू येतं की डिफॉल्ट सेटिंगवर ईडीआर (मशीनवरचे हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) लगेच पकडतं म्हणून आता स्लिव्हर किंवा मिथिक ही तशीच टूल्स घ्या. क्रॅक कॉप्या गुन्हेगारांनी इतक्या वापरल्यात की पकडणारच ना. पण पकडलं गेलं म्हणून टूल बाद कसं? ब्लू टीमला, म्हणजे क्लायंटच्या बचाव करणाऱ्या टीमला, अलर्ट कधी आला, कुणी बघितला, पुढे काय केलं, हे सगळं रिपोर्टमध्ये यायला हवं, आणि डिफॉल्ट पेलोडसुद्धा (टार्गेटवर चालवलेला कोड) कुणाला दिसला नाही तर ते फाइंडिंग पहिल्या पानावर टाका.