प्रेझमेर: तटात मावलेलं गाव

रोमानियात ब्राशोवला उतरलेली मंडळी ड्रॅक्युलाच्या नावाखातर ब्रानच्या किल्ल्याकडे पळतात. गडकोटांची आवड असेल तर आधी 17-18 किलोमीटरवरचं प्रेझमेर बघा. लांबून दिसतो तो पांढरा गोल तट आणि मधोमध वर आलेला चर्चचा मनोरा.

हा ट्रान्सिल्व्हेनियाचा मुलूख तेव्हा हंगेरीकडे. हंगेरीच्या राजाने 1211 मध्ये सरहद्द राखायला ट्यूटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, इथे आणलं आणि 1225 मध्ये हाकललंही. चर्चचा पाया त्यांचा. तट मात्र पंधराव्या शतकातला, तुर्कांच्या धाडी वाढल्यावरचा, आणि तो राखला इथल्या जर्मनभाषक सॅक्सन गावकऱ्यांनी. उंची 12 मीटरपर्यंत, जाडी तीन-चार मीटर. आपल्याकडे गढीत पाटलाचा वाडा असतो. इथे अख्खं गाव आत यायचं.

दरवाजातून लांबलचक कमानी बोळ लागतो. त्यात वरून सोडायची दणकट जाळी आहे. ती पडली की शत्रू बोळातच कोंडला.

आत चौकात आलं की मान वर जाते. तटाला आतून बिलगून चार मजली खोल्या, सुमारे 270, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. दारांवर क्रमांक आहेत, कारण खोल्या कुटुंबांना वाटून दिलेल्या. एरवी धान्याचं कोठार, वेढ्यात बिऱ्हाड. शाळेचा वर्गही तटातच, म्हणजे वेढा पडला तरी पोरांना सुट्टी नाही!

बरेच जण चर्चमधलं पंधराव्या शतकातलं तीन फळ्यांचं वेदीचित्र बघून परततात. तिथेच चुकतं. लाकडी जिन्याने वर चढून छपराखालच्या फांजीवरून, म्हणजे तटावरच्या पहाऱ्याच्या वाटेवरून, फिरल्याशिवाय या तटामागचं डोकं कळत नाही. जंग्यांतून, म्हणजे मारा करायच्या भोकांतून, येणारा उजेड अपुरा पडतो, म्हणून विजेरी हवी. चौकटी ठेंगण्या, कपाळ सांभाळा. पावसाळी दिवशी उघड्या जिन्यांवर पाय घसरतो.

इथलं ‘मृत्यूचं ऑर्गन’ हे ऑर्गन वाद्याच्या नावाचं शस्त्र जरा थांबून बघा. फिरत्या लाकडी ठोकळ्यावर ओळीने बंदुकीच्या नळ्या बसवलेल्या. एका बाजूची ओळ एकदम झडायची, मग ठोकळा फिरवून दुसरी बाजू पुढे. तोवर मागची भरून तयार. ठासणीच्या बंदुकीत खरा वेळ दारू भरण्यात जातो, तोच इथे वाचवलाय.

तट एकदाच पडला, 1611 मध्ये. घेणारा तुर्क नव्हता. ट्रान्सिल्व्हेनियाचाच शासक (प्रिन्स) गाब्रिएल बाथोरी होता.